भरतीच्या खालचा रस्ता

सह्याद्रीच्या सावलीत सायकल चालवायला शिकलेल्या माणसाला सपाट रस्त्याची कीव येते. आम्हा पुण्याच्या सायकलवाल्यांत माणसाची किंमत घाटावरून ठरते. बोपदेव किती मिनिटांत, सिंहगड न थांबता का, खंबाटकीला पाय टेकलास की नाही. सपाटीवर काय केलंस, हे कुणी विचारत नाही. मीही याच पंथातली. पण हिवाळा आला की माझी पावलं हल्ली अलिबागच्या खारेपाटाकडे वळतात. तिथे दिवसभर पॅडल मारलं तरी संध्याकाळी एकूण चढाई भरते ती चार-पाच मजली इमारतीएवढी. मोबाइलमधलं अ‍ॅप समुद्रसपाटीपासूनची उंची कधी तीन मीटर दाखवतं, कधी एक, आणि मधूनच चक्क उणे. ही यंत्रं उंचीच्या बाबतीत फेकाफेक करतात हे खरं, पण खारेपाटात त्यांचं फारसं चुकत नाही. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी इथल्या शेतांपेक्षा आणि कित्येक रस्त्यांपेक्षा वर असतं. मध्ये असतो एक मातीचा बांध.

अलिबाग तालुका म्हणजे खरं तर दोन मुलुख. मधोमध कनकेश्वरापासून सागरगडापर्यंत डोंगराची रांग. तिच्या पश्चिमेला वाळू, नारळी-पोफळी, बंगले, शनिवार-रविवार. पूर्वेला धरमतरची खाडी, आणि डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये पसरलेली भातखाचरं. हा पूर्वेकडचा पट्टा म्हणजे खारेपाट. मांडव्याच्या धक्क्यावर लाँचमधून किंवा रो-रोमधून उतरलेली माणसं उजवीकडे, अलिबागच्या दिशेने वळतात. डावीकडे, रेवसकडे, वळणारे बहुतेक घरी परतणारेच असतात.

मी आदल्या रात्री मांडव्याला मुक्कामाला होते. दिवस मुद्दाम माघी पौर्णिमेचा निवडला होता. खाडीकाठी फिरायचं तर पंचांग बघूनच निघावं. इथल्या कोळ्यांचा आणि आगऱ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला पंधराच्या पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. खाडीत आत आत जावं तशी भरती थोडी उशिरा पोचते, तेवढं गृहीत धरायचं. अष्टमीच्या आसपास ‘भांग’, म्हणजे पाण्याचा जोर कमी. पौर्णिमा-अमावास्येला ‘उधाण’, तेव्हा मुंबईच्या बंदरात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. मला सकाळी चिखल आणि दुपारी पाणी, दोन्ही बघायचं होतं.

निघाले तेव्हा मागे समुद्रावर चंद्र टेकायला आला होता आणि पुढे खाडीपलीकडे तांबडं फुटत होतं. एवढ्या सपाट जागेतच ही दोन टोकं एकदम दिसू शकतात. बंगल्यांच्या उंच भिंती आणि त्यांच्यावरच्या बोगनवेली मागे पडल्या, तसा समोरून गार वारा लागायला लागला. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. रात्री जमीन लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी जमीन तापते आणि वारा उलटा फिरतो, तो खारा. पाच मार्कांचं हे उत्तर खरं म्हणजे मांड्यांनी लिहायला हवं. सकाळी पूर्वेकडे जाताना मतलई तोंडावर, संध्याकाळी पश्चिमेकडे परतताना खारा तोंडावर. सपाटीवरचा घाट हा असा असतो. त्याला माथा नसतो, उतार नसतो, आणि ‘अजून दोन वळणं’ असं म्हणून मनाची समजूतही घालता येत नाही.

रेवसच्या धक्क्यावर पाणी पार खाली गेलेलं. होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या. पलीकडे उरणच्या बाजूला करंजा दिसत होतं, इतकं जवळ की तिथल्या होड्यांवरचे रंग ओळखता यावेत. इथून करंजाला तर जाते, आणि सायकल डोक्यावर घेतल्यागत धरून तिच्यात चढता येतं. रेवस ते करंजा पुलाची गोष्ट बॅरिस्टर अंतुल्यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळापासून, म्हणजे १९८० पासून, इथली माणसं ऐकत आली आहेत. आता कुठे पाण्यात काम दिसायला लागलंय. धक्क्यावर चहा देणाऱ्याला मी पुलाबद्दल विचारलं. त्याने जागेचे भाव सांगितले. पुलाविषयी काही बोलला नाही.

रेवसहून बोडणीकडे वळलं की गाव नाकाला आधी कळतं. सुकत घातलेली मासळी, डिझेल, ओली जाळी. बोडणी कोळ्यांचं मोठं बंदर. तिथून पुढे मिळकतखार, मानकुळे, नारंगीचा टेप, हाशिवरे. घरं बघावी तर प्रत्येक गाव जराशा उंचवट्यावर दाटीवाटीने बसलेलं, आणि गावाबाहेर एकही घर नाही. चारी बाजूंनी शेतं उघडी. माघात ती रिकामीच असतात. कापणी होऊन गेलेली, भाताची धसकटं राहिलेली, पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या. डोंगरालगतच्या गोड्या जमिनीत याच दिवसांत वाल असतो, पांढरा कांदा असतो. इथे नाही. हिवाळ्यात ओल आटायला लागली की खालचं मीठ वर येतं आणि खाचरांवर पांढरट पापुद्रा धरतो. भात हे एकच पीक, तेही पावसाच्या भरवशावर. जून-जुलैचा पाऊस आधी जमिनीतलं मीठ धुऊन काढतो, मगच बी जगतं.

हे समजून घ्यायला मला सायकलचाच उपयोग झाला. मोटारीतून खारेपाट सरळ एका पातळीत दिसतो. सायकलवर मात्र, तेही अठ्ठावीस मिलिमीटरच्या टायरवर आणि वारा तोंडावर असताना, हातभर चढसुद्धा पायांना कळतो. आणि असे चढ ठरावीक ठिकाणी येतात. गावाच्या उंचवट्यावर एक. शेतं ओलांडून खाडीकडे निघालं की मध्येच एक, कारण तिथे जुना बांध होता आणि आता त्याच्यावर डांबर पडलंय. आणखी पुढे गेलं की शेवटचा, सगळ्यांत उंच. तो बाहेरकाठा. त्याच्यापलीकडे तिवरांची झाडी आणि खाडी. पिढ्यानुपिढ्या माणसांनी खाडीकडून थोडी थोडी जमीन मागून घेतली, त्या मागण्याच्या रेघा अशा आडव्या पडल्या आहेत. डोळ्यांनी त्या सुटतात. पाय प्रत्येक रेघेवर एक गिअर खाली घेतात.

१८८३ च्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये या जमिनींचं वर्णन आहे. ज्यांनी खारजमिनीला बांध घालून ती लागवडीखाली आणली ते शिलोत्रीदार. बांधाच्या दुरुस्तीची जबाबदारी त्यांची, आणि त्या बदल्यात कसणाऱ्याकडून बिघ्यामागे मणभर भात त्यांना मिळायचं. म्हणजे शेतसाऱ्याबरोबर समुद्राला थोपवण्याचा वेगळा कर इथे धान्यात भरला जात होता. हॉलंडचे बांध बघायला जाणारे आपले लोक तिथे सायकली भाड्याने घेतात, पवनचक्कीसमोर फोटो काढतात आणि ‘समुद्राच्या खाली राहणारे लोक’ म्हणून कौतुक करतात. मुंबईहून लाँचने तासाभरावर तेच आहे, फक्त मातीचं आणि हाताने घातलेलं. फोटोला पवनचक्की नाही, एवढीच काय ती उणीव.

मानकुळ्याच्या पुढे डांबर सोडून मी बाहेरकाठ्यावर चढले. बांधाचा माथा दोन माणसं शेजारी चालतील एवढा. वाळलेला चिकणमातीचा पृष्ठभाग, भेगाळलेला, मध्ये दगड. रोड बाईकला ही जागा नव्हे. उतरून चालत निघाले. उजवीकडे कोरडी खाचरं, डावीकडे तिवरं, आणि डावीकडची जमीन उजवीकडच्यापेक्षा वर. हे दृश्य मेंदूला पटायला वेळ लागतो.

थोड्या अंतरावर उघाडी लागली. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटातून शेतातलं पाणी खाडीत काढणारं दार. बांधाखालून काँक्रिटचं मोरीवजा तोंड, आणि खाडीकडच्या बाजूला वरून बिजागऱ्यांवर लोंबकळणारी जाड लाकडी फळी. तिला दोरी नाही, कुलूप नाही, माणूस नाही. ओहोटीला आतलं पाणी फळी ढकलून बाहेर पडतं. भरतीला बाहेरचं पाणी तीच फळी दाबून बंद करतं. पावसाळ्यात हेच दार शेतं वाचवतं, कारण आभाळातून पडणारं पाणी बाहेर जायला दिवसातून दोनदाच वाट मिळते. ऐन उधाणाला मोठा पाऊस झाला तर फळी बंद, आणि शेतात तळं. मग ओहोटीची वाट बघत बसायचं.

मी पोचले तेव्हा पावणेदहा झाले असतील. आतल्या चरातून गुडघ्याखालचं गढूळ पाणी वाहत होतं आणि फळीखालून एक पातळ धार खाडीत पडत होती. खाडीकडून पाणी चढत होतं. लाट नाही, आवाज नाही. चिखलावरच्या बारीक नळ्यांमधून ते पुढे सरकत होतं, आणि त्याच्या पुढे पुढे निवट्या उड्या मारत पळत होत्या. निवटी म्हणजे डोळे डोक्यावर आलेला, चिखलात पंखांवर चालणारा बोटभर मासा. धार हळूहळू बारीक झाली. मग थांबली. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं आणि फळी थोडा वेळ काय करावं न सुचल्यासारखी हलत राहिली. मग एक बारीकशी ‘ठप्’. कडांमधून बुडबुडे आले, चिखलाचा एक लोट आत शिरला, आणि दार बसलं. पुढच्या अर्ध्या तासात बाहेरचं पाणी फळीच्या निम्म्यापर्यंत आलं. आत चर होता तिथेच होता.

एक म्हातारी कमरेला टोपली बांधून तिवरांतून वर आली. हात कोपरापर्यंत चिखलाने माखलेले. टोपलीत निवट्या वळवळत होत्या. या बिळात हात घालून पकडतात, आणि त्याचं कसब आहे, कारण त्याच बिळात कधी चिंबोरी बसलेली असते. तिने चरातल्या पाण्यात हात धुतले, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग सायकलला.

“कवऱ्याला परली गं बाय?”

केवढ्याला पडली, हा प्रश्न मला खारेपाटात सगळ्यांनी विचारलाय. मी कधीच खरी किंमत सांगत नाही. निम्मी सांगितली तरी समोरचा माणूस माझ्या नवऱ्याच्या अकलेविषयी काळजीत पडतो. मी निम्म्याची निम्मी सांगितली. म्हातारी म्हणाली, तेवढ्यात इंजन पण आलं असतं.

फळीकडे हनुवटी करून मी विचारलं, हे आपोआप लागतं का.

“पानी चरलं का लागतं,” ती म्हणाली. “पन फली सरली का कोन बगतंय? आदी घरटी एक मानूस यायचा बांदावर. आता सरकारचा बांद हाय.”

फळी सडली तर बघणार कोण. तिच्या त्या दोन वाक्यांत १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा आणि १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा दोन्ही आले. स्वातंत्र्यानंतर बांधांची जबाबदारी सरकारने घेतली. घ्यायलाच हवी होती, कारण शिलोत्रीदार गेले होते आणि गरीब कुळांना मोठी बांधबंदिस्ती झेपणारी नव्हती. पण बांध सरकारी झाला आणि पावसाळ्याआधी घरटी एक माणूस कुदळ घेऊन बांधावर जाण्याची रीत सैल पडत गेली. अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा ही वाट उधाणाच्या वेळापत्रकाने चालत नाही. बांधात खेकड्याने बीळ केलं की ते पहिल्या आठवड्यात पाटीभर मातीने बुजतं. तीन महिन्यांनी तिथून गाडी जाते.

त्याला इथे ‘खांड पडली’ म्हणतात. मी ती पुढच्याच गावाच्या हद्दीत बघितली. आधी शेतं, बांध, शेतं, आणि मग अचानक बांधाला दात पडल्यासारखी फट, आणि तिच्या आत हिरवंगार. लांबून वाटावं काय सुंदर रान आहे. जवळ गेलं की कळतं, ही तिवरं रांगेत उभी नाहीत, पण त्यांच्यातून जुन्या खाचरांच्या मेरा अजून दिसतात. चौकोन चौकोन. खांड पडली की प्रत्येक भरतीला खारं पाणी आत येतं. खांड बुजवली तरी दोन-तीन पावसाळे मीठ धुतल्याशिवाय भात येत नाही. नाहीच बुजवली तर तिवरांच्या बिया पाण्याबरोबर येतात आणि चिखलात रुजतात. काही वर्षांत शेताचं जंगल. आणि तिवर एकदा उभं राहिलं की तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली, जमीन कुणाच्याही मालकीची असो, आणि २०१८ च्या निकालाने तिचं संरक्षण पक्कं केलं.

मी स्वतः या निकालांच्या बाजूची आहे. मुंबई-ठाण्यात तिवरांवर डेब्रिज टाकून इमारती उभ्या राहिल्या, ते थांबवायला असाच कडक दंडा हवा होता. पण त्या फटीपाशी उभं राहिल्यावर माझ्या बाजूचा कोपरा जरा टोचला. सातबारावर भातशेती, समोर कायद्याने जंगल, आणि मधल्या काळात बांध दुरुस्त न करणारी यंत्रणा. शेतकऱ्याने झाड तोडलेलं नाही, लावलेलं नाही. तो फक्त वाट बघत होता. खाडीतून जेटीकडे जाणाऱ्या मोठ्या बार्जेसच्या लाटांनी बांध खचतात, असंही गावकरी सांगतात. मी तिथे असताना एक बार्ज गेली. खूप वेळाने तिच्या लाटा काठाला आल्या आणि तिवरांच्या मुळांत शिरून चिखल ढवळून गेल्या. तक्रार कुणाकडे करायची याचं उत्तर प्रत्येकाने मला वेगळं दिलं.

पक्षी बघणाऱ्यांनी मात्र हाच पट्टा गाठावा. फुटलेल्या शेतांतल्या उथळ पाण्यात शेकाट्या लाल काटक्यांवर चालत होत्या, तुतवार शेपूट हलवत होते, आणि एका खांबावर खंड्या बसला होता. एकाचं नुकसान ते दुसऱ्याचं कुरण.

हाशिवऱ्याहून शहापूरकडे विचारत विचारत गेले. इथली मधली वाट सांगायची पद्धत मला आवडते. ‘किती किलोमीटर’ विचारलं तर उत्तर येतं, ‘उघाडीपर्यंत जा, मग बांध धरा.’ एव्हाना मतलई पडला होता आणि खारा अजून उठला नव्हता. दोन वाऱ्यांमधला हा तासभर म्हणजे खारेपाटातली चैन. हवा उभी, रस्ता रिकामा, साखळीचा आवाज तेवढा ऐकू येतो. ढेंगभर अंतरावरून बगळे उडत नाहीत. मैलभर पुढचा माणूस दिसतो, आणि तो बराच वेळ मैलभर पुढेच राहतो.

शहापूर-धेरंडला प्रत्येक घरामागे तळं. हे जिताड्याचे तलाव. जिताडा खाडीतला मासा, पण गोड्या पाण्यातही वाढतो. पावसाळ्यात खाडीतून त्याची पिल्लं धरायची, घरच्या तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं थांबायचं. मासा काही किलोंचा होतो. तो बाजारात कमी आणि पाहुण्यांच्या ताटात जास्त जातो. अडलेलं काम करून घ्यायचं असलं तर साहेबाच्या घरीही जातो, असं हसून सांगतात. ज्यांच्याकडे मी दुपारी टेकले त्या घरच्या काकूंनी जिताडा दिला नाही, तो काही असा वाटेवरच्या माणसाला देत नाहीत, पण तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं दिलं, आणि अंगणाच्या कडेला उभं करून तळं दाखवलं. पाण्यात काहीच दिसत नव्हतं. ‘आहेत,’ त्या म्हणाल्या. ‘चार आहेत. मोजलेत.’ पोपटीच्या, म्हणजे मडक्यात शेंगा भाजण्याच्या, दिवसांत गेले होते, त्यामुळे संध्याकाळी थांबा म्हणून आग्रहही झाला. पोपटीवर सगळेच लिहितात, मी सोडून देते.

याच शहापूर-धेरंडच्या शेतांवर औष्णिक वीज प्रकल्प यायचा होता. ‘एकपिकी खारवट जमीन’ असा तिचा कागदोपत्री उल्लेख. शेतकऱ्यांनी तेव्हा भात, तळ्यातले जिताडे, खाडीतली मासळी, पेंढा असा सगळा हिशोब मांडून ही जमीन काय देते ते दाखवलं. काकूंच्या घरातल्या माणसांना ते आकडे तोंडपाठ होते. मला त्यांतलं लक्षात राहिलं ते बियाण्याचं. काळा राता, भुरा राता ही इथली जुनी भातं, मिठाला दाद न देणारी. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने भुऱ्या रात्यातून निवड केली आणि तिचा संकर ‘आयआर ८’ शी करून ‘पनवेल’ नावाची वाणं काढली. पेरणीची तऱ्हाही वेगळी. काही ठिकाणी रोप लावण्याऐवजी मोड आणलेलं बी चिखलावर फेकतात, त्याला रहू म्हणतात. माणसांची टंचाई आणि मीठ, दोन्हींवर मिळून काढलेली ती युक्ती. राता आता कुणी फारसा लावत नाही. शिजायला जड आणि रंगाने लाल, पोरं खात नाहीत, असं घरातले आजोबा म्हणाले. मग म्हणाले, पण खांड पडल्यावर तोच टिकायचा.

दुपारी खारा उठला आणि पोयनाडपर्यंत त्याने मला पाठीवर हात ठेवून नेलं. सायकलवर आपण शूर आहोत असं वाटायला लावणारे हेच ते क्षण, आणि त्यांच्यावर विश्वास ठेवू नये. पोयनाडच्या टपरीवर चहा घेतला. बाकावर कालचा ‘कृषीवल’ पडला होता. १९३७ साली नारायण नागू पाटलांनी सुरू केलेलं हे पत्र. आणि पाटलांच्या नावामागेच चरीचा संप.

पेझारीच्या बाजूला चरी हे गाव आहे. बाहेरून बघाल तर इतर गावांसारखंच. इथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांची सभा झाली आणि चरीसह पंचवीस गावांच्या कुळांनी खोत-सावकारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असं ठरवलं. पिकाचा मोठा हिस्सा खोताच्या कोठारात जायचा, वरून कर्ज, वरून वेठ. संप १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३४ च्या डिसेंबरात चरीच्या शेतकरी परिषदेला आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ साली कुळकायदा झाला, त्याच्यामागे या गावांची उपासमार आहे.

या संपाविषयी मी आधी वाचलं होतं. बांधावरून चालून आल्यावर त्यातली एक गोष्ट वेगळी दिसली. गिरणीचा संप झाला की यंत्र थांबतं आणि पुन्हा सुरू करता येतं. खारेपाटातलं शेत तसं थांबत नाही. हात उचलला की खाडी काम सुरू करते. आपल्याच आजोबांनी मागून घेतलेली जमीन, ज्यात दर पावसाळ्याआधी माती घालावी लागते, ती सहा वर्षं तशीच सोडायची, डोंगरातलं जळण विकून पोट भरायचं, आणि घरातून रोज ती पांढरी पडताना बघायची. संपकऱ्यांचा निर्धार वगैरे शब्द भाषणात बरे वाटतात. त्या लोकांना मिठाचा पापुद्रा किती दिवसांत धरतो ते माहीत होतं.

चरीहून अलिबागच्या मोठ्या रस्त्याला लागले तेव्हा साडेचार वाजून गेले होते आणि खारा आता अगदी तोंडावर. पुढे डोंगराची रांग दिसत होती, मध्ये कार्लेखिंडीचा खळगा. ती जवळ येईना. ट्रक गेला की त्याच्या आडोशाने क्षणभर बरं वाटायचं आणि मग दुप्पट जोराने थप्पड बसायची. तेवढ्यात मागून दोन पोरं आली. काळ्या दांडीच्या जुन्या सायकली, गिअर नाहीत, मागे पेंढ्याचे भारे. शेजारी आली, हसली, आणि पुढेही गेली.

मी जीव काढून त्यांच्या मागे लागले. भाऱ्याच्या आडोशाला वारा अर्धा झाला.

“क्यारियर नाय?” त्यातल्या एकाने मान वळवून विचारलं.

“नाही.”

“मंग नेताव काय हिच्यावरना?”

“स्वतःला,” मी म्हणाले.

त्याला ते फारसं पटलं नाही. दोघं आपसात काहीतरी बोलले. मग मोठा जरा कडेला सरकला आणि मला दोन भाऱ्यांच्या मधोमध घेतलं. पेंढ्याच्या काड्या तोंडावर येत होत्या, पण पाय हलके झाले होते. असेच आम्ही त्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत गेलो. फाट्यावर ते हात न दाखवता उजवीकडे उतरले, बांधाचा छोटा चढ दांडीवर उभं राहून चढले आणि पलीकडे फक्त भारे दिसत राहिले. मी दिवे लावले, खिंडीसाठी सकाळपासून न लागलेली पुढची लहान चक्री टाकली, आणि घाटाला लागले.